माझ्या नावाच्या प्रदक्षिणा

माझा पाय मोडला विहिरीवर आणि वाकडा बसला हाडवैद्याच्या हातून. पण त्या पायाचा खरा छळ मांडला तो माझ्यावर माया करणाऱ्या माणसांनी. हे वाचून आमच्या घरातलं कुणी दुखावलं, तर दुखावो. मी आता म्हातारी झाले आहे आणि गोड बोलण्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

आम्ही तेव्हा ठाण्याला राहत होतो. यजमान कचेरीत कारकून होते. घर भाड्याचं, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात विहीर आणि तुळशीवृंदावन. घरात माणसं चारच: सासूबाई, यजमान, मी आणि आमची लहान मुलगी. श्रावणातल्या एका सकाळी घागर घेऊन वळताना शेवाळलेल्या दगडावरून मी सटकले आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. खाडीपलीकडून एका नामांकित हाडवैद्याला आणलं. त्यानं कामट्या बांधल्या, पाला थापला, माझ्या किंकाळ्या ऐकून ‘बाई फार भित्र्या आहेत’ असं निदान केलं आणि शिधा घेऊन गेला. कामट्या सुटल्या तेव्हा पाय दोन-तीन बोटं आखूड झाला होता आणि गुडघा वाकायला तयार नव्हता. वैद्यबुवा पुन्हा आले, पाहिलं आणि म्हणाले, “हाड जुळलं की!” जुळलं होतं खरं. कसं जुळलं, ते विचारायची सोय नव्हती.

होळीपर्यंत मी खाटेवर होते. मग यजमानांनी सुताराकडून एक कुबडी करवून आणली. बगलेत रुतू नये म्हणून सुतारानं हौसेनं वरच्या दांडीवर कातडं मारून दिलं होतं. झालं! कातडं म्हटल्यावर कुबडी ओटीवरच अडली. माजघरात चालेल की नाही यावर बराच खल झाला. शेवटी कातडं काढून चिंध्या गुंडाळल्या. पण चिंध्या पडल्या ओवळ्या, म्हणजे स्वयंपाकघर बंदच. मग सासूबाईंनी तोड काढली. कुबडी रोज विहिरीवर धुवायची, चिंध्या ओल्या पिळून बांधायच्या, की ती सोवळ्यातली झाली. सोवळ्यातली कुबडी! रोज पाणी पिऊन पिऊन लाकूड फुगलं, आणि वैशाखातल्या उन्हानं तडकलं. एके दिवशी माझ्या बगलेतच तिचे दोन तुकडे झाले आणि मी आडवी झाले. सासूबाई धावत आल्या. “लागलं का गं?” असं त्यांनी विचारलं, नाही असं नाही. पण पाठोपाठ विचारलं, “चुलीला नाही ना शिवलीस?”

दुसरी कुबडी आली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायची असं ठरलं. म्हणजे मीही उंबऱ्याबाहेर. सगळा स्वयंपाक सासूबाईंच्या अंगावर पडला होता, आणि त्यांची कंबर काही तरुण नव्हती. त्या तक्रार करत नसत. फक्त प्रत्येक भांडं खाली ठेवताना ‘नारायणा’ म्हणत. दिवसभरात आमच्या घरी नारायणाचं नाव जेवढं घेतलं जाई तेवढं देवळातही घेत नसतील.

ज्येष्ठातल्या एका दुपारी त्या माझ्या खाटेशी येऊन बसल्या. मांडीवर तांदळाचं सूप होतं. खडे वेचता वेचता म्हणाल्या, “अगं, एक मनात आलंय. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

असं म्हणून सुरू झालेलं बोलणं मनाला लावून न घेता येईल असं मी आजवर ऐकलेलं नाही.

“कल्याणला एक स्थळ आहे. गरिबाची पोर आहे, कामाची आहे. तुझ्या हाताखाली येईल.”

“माझ्या हाताखाली की माझ्या जागेवर?” मी विचारलं.

“तुझं ताट का कुणी काढून घेतंय? तू बसून खा. थोरली ती थोरलीच राहते.”

त्या काळी पहिली जिवंत असताना दुसरी करणं यात कुणाला नवल वाटत नसे. आमच्याच आळीत एका घरी दोघी नांदत होत्या, आणि नांदणं म्हणजे काय ते साऱ्या आळीला ऐकू जात असे. चौकशी करता कळलं की कल्याणची ती पोर माझ्या लेकीहून जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठी होती. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि त्या संतापाखाली भीती होती. उद्या ही पोर या घरात आली की मी खाटेवरची थोरली. सगळे माझ्याशी गोड बोलणार, मला पाटावर बसवून वाढणार, आणि कुणी मला काही विचारणार नाही. यजमान तेव्हा ओटीवर पान लावत बसले होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं घर काही मोठं नव्हतं. ते पान लावत राहिले.

“आणि मीच सगळं करायला लागले तर?” मी विचारलं.

सासूबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं. मनानं त्या वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “तू एकटीनं सोवळ्यात रांधून पंगत वाढलीस, तर मला काय हौस आली आहे घरात सवत आणायची? तुळशीच्या लग्नापर्यंत तसाही लग्नाचा मुहूर्त नाही. तोवर बघू.”

तुळशीचं लग्न कार्तिकात. मध्ये सगळा चातुर्मास. तेवढ्यात मला कुबडीवाचून चालायचं होतं, चुलीपुढे बसायचं होतं, आणि भातापासून ताकापर्यंत एक पंगत एकटीनं वाढायची होती. मी मनाशी ठरवून टाकलं की आधी वृंदावनापर्यंत जायचं, मग वृंदावनाभोवती, मग भिंतीला धरून चुलीपर्यंत, आणि मग भिंत सोडून. एक जमल्याशिवाय पुढचं मनात आणायचं नाही.

पण हे उघड सांगायची सोय कुठे होती? ‘चालायचा सराव करते’ म्हटलं असतं तर घर आणि शेजार मिळून मला खाटेला बांधून ठेवलं असतं. ‘कशाला गं दगदग’, ‘पुन्हा पडशील’, ‘पायाला ताण देऊ नये म्हणतात.’ आषाढी एकादशीला आळीतल्या बायका आपापला चातुर्मासाचा नेम सांगू लागल्या. कुणी वाती वळणार, कुणी मौन धरून जेवणार. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, “तुळशीला प्रदक्षिणा घालीन.” सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले. देवासाठी चाललं की ती दगदग होत नाही, आणि पायालाही ताण पडत नाही.

पहिले काही दिवस वृंदावनाला एक फेरी घालेपर्यंत माझ्या नाकी नऊ येत. पावसानं अंगण निसरडं. एका हातात कुबडी, दुसरा हात वृंदावनाच्या कट्ट्यावर. हळूहळू कट्टा सुटला. मग माझ्या ध्यानात आलं की उजवा पाय आखूड आणि प्रदक्षिणा उजवीकडे वळत जाणारी. म्हणजे आखूड पाय कायम आतल्या बाजूला. तशी गोल फिरताना मला चांगली चाल येऊ लागली होती, पण सरळ चालायला गेलं की तोल जाई. म्हणून एके सकाळी मी उलटी फिरून पाहिलं. पलीकडच्या कुडावरून शेजारच्या काकूंनी किंकाळी फोडली, “अगं अगं! उलट्या घालतेस? घराचं वाटोळं करतेस का?” पुढे आठवडाभर त्यांनी माझ्यासाठी कसलंसं प्रायश्चित्त केलं. मी सुलट्या सगळ्यांच्या देखत घालू लागले आणि उलट्या पहाटे, कुणी उठायच्या आत. माझा पाय सुधारला असेल तर तो त्या उलट्या फेऱ्यांनी, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

भाद्रपदात मला ताप आला. चार-सहा दिवस डोकं वर काढता आलं नाही. उठले आणि भिंत धरधरून मागच्या दाराशी आले, तर काय पाहावं? अंगणात शेजारच्या काकू तुळशीभोवती फिरताहेत. धापा टाकताहेत, पदरानं घाम पुसताहेत, आणि कट्ट्यावर बसून सासूबाई एकेका फेरीला एकेक चिंचोका वाटीत टाकताहेत.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“तुझा नेम गं!” सासूबाई म्हणाल्या. “खंड पडू नये म्हणून काकू तुझ्या नावानं घालताहेत. संकल्प सोडलाय तसा. तू अगदी निश्चिंत राहा.”

“आता मी उठले आहे. मी घालते.”

“छे छे, अशक्तपणा आहे. आणि त्यांनी आता कार्तिकीपर्यंतचं पत्करलंय. तू पायरीवर बसून हातात ओल्या अक्षता धर, म्हणजे पुण्य सगळं तुझंच.”

मी कपाळाला हात लावला. त्यानंतर रोज हा सोहळा. दोन चांगल्या पायांची बाई माझ्या आखूड पायासाठी चालते आहे, आणि मी पायरीवर अक्षता धरून बसले आहे. काकूंचा उत्साह असा की माझ्या नावाच्या उरकून त्या दोन जास्तीच्याही घालत. त्यांची प्रकृती सुधारली, भूक वाढली, पायातली कळ गेली. तापापासून सासूबाई माझ्या खाटेला लागून निजत, त्यामुळे पहाटेच्या उलट्या फेऱ्याही बुडाल्या, आणि माझा पाय पुन्हा ताठरू लागला. दोन-तीनदा मी मुकाट उठून त्यांच्या मागे चालू लागले, तर दोघींनी मिळून मला दंडाला धरून पुन्हा पायरीवर आणून बसवलं. एके दिवशी माझा तोल सुटला. अक्षता अंगणात भिरकावून मी ओरडले, “पुण्य तुम्हीच घ्या! मला पाय हवाय, पाय!”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “तापानं अशक्त झालीये,” काकू हळूच म्हणाल्या, “चिडचिड होते हो अशानं.” आणि त्या संध्याकाळी माझी दृष्ट काढण्यात आली.

समजावून सांगणं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की स्वप्नात हिरवं लुगडं नेसलेली एक सवाष्ण आली आणि म्हणाली, ज्याचा पाय त्यानंच चालावं, दुसऱ्याची पावलं मला पोचत नाहीत. सासूबाईंच्या अंगावर काटा आला. काकूंनी तिथल्या तिथे कान धरून तुळशीची क्षमा मागितली. मी इतके दिवस घसा कोरडा करून जे सांगत होते, ते माझ्या तोंडचं म्हणून कुणी ऐकलं नाही. तेच खोट्या स्वप्नातल्या बाईनं एकदा सांगितलं आणि लगेच मान्य झालं. खोटं बोलले म्हणून मला वाईट वाटलं का? मुळीच नाही. आधी सुचलं नाही याचं वाटलं.

नवरात्रात मी कुबडी उंबऱ्याबाहेर ठेवून भिंतीला धरून स्वयंपाकघरात शिरले. चुलीपुढे उकिडवं बसणं मला शक्य नव्हतं, म्हणून एकावर एक दोन पाट ठेवून त्यावर तिरपी बसायला लागले, आखूड पाय बाजूला लांब सोडून. त्यावरही बोलणं झालंच, चुलीकडे पाय करून कुणी बसतं का म्हणून. मी म्हटलं, चुलीकडे नाही, भिंतीकडे केलाय. पाहा वाटलं तर. वाढायला वाकणं हे सगळ्यांत कठीण. डावा हात डाव्या गुडघ्यावर रोवून कमरेतून वाकायचं, वाढायचं, आणि श्वास न सोडता सरळ व्हायचं. दिवाळीपर्यंत घरच्या तिघांना मी वाढू लागले. माझ्या हातचं वरण इतक्या दिवसांनी पानात पडलं तेव्हा मुलगी म्हणाली, “आईचं वरण!” सासूबाई म्हणाल्या, “तुळशीची कृपा.” काकू कुडापलीकडून म्हणाल्या, “माझ्याही फेऱ्या आहेत हो त्यात.” यजमानांनी ताक मागितलं.

मला वाटलं, जिंकले. आणि तेव्हाच कळलं की कल्याणच्या गृहस्थांना द्वादशीचं जेवायचं आमंत्रण गेलं आहे.

“पण तुम्ही तर म्हणाला होतात...” मी सासूबाईंना म्हटलं.

“अगं, ते श्रावणातच कळवलं होतं. आता येऊ नका कसं म्हणायचं? येतील, जेवतील, जातील. आणि तू वाढून दाखव की, त्यांनाही कळेल.”

त्यांनाही कळेल, हे मला पटलं. मी वेडी, मला खरंच वाटलं की मला चालताना पाहून तो माणूस समजेल की या घरात कुणाची गरज नाही.

द्वादशीला मी पहाटेपासून चुलीपुढे होते. भात, वरण, चार महिन्यांनी घरात आलेली वांगी, आवळ्याचं लोणचं, पुरण. सगळं एकटीनं, सासूबाईंना मी भांडंदेखील उचलू दिलं नाही. कल्याणचे गृहस्थ सकाळच्या आगगाडीनं आले. सुकलेला, सभ्य माणूस. धोतराला ठिगळ होतं, पण धोतर स्वच्छ होतं. पंगतीला ते, यजमान आणि आळीतली चार मंडळी. मी वाढत होते. भात, वरण, तूप, पुन्हा भात. एकदाही भिंतीला हात लावला नाही. ते गृहस्थ माझ्या चालीकडे सारखे पाहत होते, आणि मला आतून बरं वाटत होतं. बघ म्हटलं, नीट बघ.

पुरणाला दुसऱ्यांदा तूप वाढून मी सरळ होते आहे तोच ते सासूबाईंना म्हणाले, “खरं सांगू? मनात धाकधूक होती. थोरल्या बाई पायानं अधू असं ऐकलं होतं. म्हटलं, आपल्या पोरीच्या अंगावर सगळा संसार पडायचा, वर त्यांचं करावं लागायचं. पण इथे तर थोरल्या बाईच सगळं करताहेत. माझी पोर सुखात राहील. माझ्याकडून होकार समजा.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझी नजर चुकवली नाही, आपल्या शब्दाची आठवण झाली असंही दिसलं नाही. त्या इतक्या खूश होत्या की कौतुकानं म्हणाल्या, “करते हो, सगळं करते. लाख माणूस आहे.”

मी यजमानांकडे पाहिलं. ते पानाकडे बघत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिने मी हा पाय मारून मुटकून चालवला, आणि त्या चालण्यावरच ही सोयरीक जमत होती. अधू राहावं तर सवत येणार, चालावं तर तिला सुखात ठेवायला मी आहेच! तुपाचं भांडं मी नीट खाली ठेवलं. तूप सांडू नये एवढं भान होतं. मग पंगतीच्या मधोमध मटकन खाली बसले, पाय लांब केला आणि सासूबाईंना ऐकू जाईल, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जाईल, अशा आवाजात म्हटलं, “गेला पाय. आता मला उठवत नाही.”

पंगत थांबली. कल्याणच्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. “असं... नेहमी होतं का?”

“नाही हो,” सासूबाई गडबडून म्हणाल्या, “आज जरा—”

“रोज होतं,” मी म्हटलं. परक्या पुरुषापुढे बोलायची रीत नव्हती, म्हणून तुपाच्या भांड्याकडे बघून म्हटलं. “मग मला उचलून न्यावं लागतं. न्हाऊमाखू घालावं लागतं. जी कुणी येईल तिलाच ते करायचंय.”

त्या माणसाचा चेहरा पडला. मला त्याची दया आली, त्याच्या पोरीची अधिक आली, आणि म्हणूनच मी जागची हलले नाही.

तेवढ्यात यजमान उठले. भरल्या पानावरून, भरल्या पंगतीतून, उष्ट्या हातानं. सासूबाई ‘अरे, अरे’ करत राहिल्या. यजमानांनी येऊन मला उचललं, सोवळ्यासकट, आणि माजघरात आणून खाटेवर ठेवलं. लग्नानंतर चारचौघांदेखत त्यांनी माझ्या अंगाला हात लावल्याची ती पहिली वेळ. माझ्या लुगड्याला भात लागला होता.

“मला काही झालेलं नाही,” मी दबल्या आवाजात म्हटलं. “पानावर जा.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पहाटे रोज अंगणात पाहत होतो. तू आता पडायची नाहीस.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. “रोज पाहत होतात? आणि मला सवत नको हे ठाऊक होतं?”

“मलाही नको होती.”

“मग हे तुमच्या आईला ज्येष्ठातच का नाही सांगितलंत? एका शब्दाचं काम होतं!”

सासूबाईंसारखे तेही वाईट नव्हते, हे मी पुन्हा सांगते. सांगून सांगून माझीच दमछाक होते. मग ते अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, “मी तेव्हाच नाही म्हटलं असतं, तर तू इतक्या नेटानं चालली असतीस का?”

ते गृहस्थ त्याच दिवशी परतले, आणि पुढे पत्रिका जमत नसल्याचा निरोप आला. लग्नाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. संध्याकाळी मी उठून उष्टी काढली, शेणगोळा फिरवला, तुळशीच्या लग्नाची तयारी केली. सासूबाई तोंडावर पदर धरून बघत होत्या. पण यजमानांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जायला तयार नव्हतं. तुळशीनं चालवलं, काकूंच्या फेऱ्यांनी चालवलं, आणि आता म्हणे यांच्या गप्प बसण्यानं चालवलं! मंगलाष्टकं चालू असताना, अक्षता टाकता टाकता, मी त्यांच्या बाजूला सरकले आणि दुपारच्या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा दिलं.

“चालले असते,” मी म्हटलं. “पाय माझा होता.”